हात सोडला की नेक खाली: हाताने बनवलेल्या गिटारचा तोल कसा सावरायचा

डिसेंबरात एक मुलगा पुण्यात धायरीच्या आमच्या शेडवर आला. पाठीवर मीच बनवून दिलेली इलेक्ट्रिक गिटार. कॉलेजच्या फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमी चालू होत्या आणि रोज तीन-तीन तास उभं राहून वाजवायचं होतं. म्हणाला, "ताई, आवाज मस्त आहे, पण रात्री घरी गेलो की डावा हात उचलवत नाही." मनगट दाबून पाहिलं तर अंगठ्याच्या मुळाशी दुखत होतं. म्हणजे पोरगं सूर धरण्याऐवजी गिटारची नेक, म्हणजे लांब मान, धरून उभं होतं.

मी त्याला गिटार गळ्यात अडकवायला लावली आणि जिथे पट्टा खांद्याच्या हाडावर येतो तिथे पांढऱ्या खडूने आडवी रेघ मारली. मग म्हटलं, दोन्ही हात वर कर. हेडस्टॉक, म्हणजे नेकचं टोक, सावकाश खाली जायला लागला, अजिबात झटका न देता, आणि गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबला. खडूची रेघ खांद्यावरून चार बोटं पुढे, छातीवर आली होती.

घरी गिटार बनवणारे बरेच जण मला हाच प्रश्न विचारतात आणि एकाची गिटार सावरली की दुसरी येतेच. पट्टा बदलला, थोडं बरं वाटलं, महिन्याभराने पुन्हा तेच. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. सुरुवातीलाच माझं मत सांगते: हा दोष पट्ट्याचा नसतो, बहुतेक वेळा लाकडाचाही नसतो. पट्टा अडकवायचं पुढचं बटण कुठे आहे आणि हेडस्टॉकवर किती वजन आहे, या दोन गोष्टींचा तो दोष असतो. आणि या दोन्ही गोष्टी करवत लावायच्या आधी ठरवता येतात.

आधी खात्री करा

वाजवताना उजवा हात बॉडीवर रेललेला असतो. त्या हाताचं वजन मागच्या बाजूला पडतं, त्यामुळे दोष झाकला जातो आणि वादकाला वाटतं की आपलाच डावा हात कच्चा आहे. म्हणून चाचणी दोन्ही हात सोडूनच करायची. अंगात सुती शर्ट असू द्या. या मुलाने जर्किन घातलं होतं, पट्टा नायलॉनचा होता, आणि नायलॉनवर नायलॉन तेल लावल्यासारखा सरकतो. जर्किन काढून पुन्हा पाहिलं तर रेघ चारऐवजी दोन बोटं सरकली. नेक जायची तिकडेच गेली, फक्त हळू.

रेघ जागची हलली नाही आणि तरी नेक खाली गेली, तर पट्ट्याची लांबी किंवा बटणाचा सैल स्क्रू तपासा, ती वेगळी गोष्ट आहे. रेघ पुढे सरकली, तर पुढचं वाचा.

असं का होतं

विहिरीच्या रहाटावरून गेलेला दोर आठवा. दोराला दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ असते. एका बाजूला जास्त वजन अडकवलं की दोर तिकडे धावतो. खांदा म्हणजे जरा खरखरीत रहाट. गिटारचं वजन दोन बटणांमध्ये साधारण सारखं वाटलं जात असेल तर पट्टा जागेवर राहतो. गुरुत्वमध्य पुढच्या बटणाच्या जवळ गेला की पुढच्या बाजूला जास्त ओढ लागते. थोडा फरक खांद्याचं घर्षण पेलतं, पण त्यापुढे पट्टा पाठीकडून छातीकडे सरकतो आणि नेक झुकते. आणि गुरुत्वमध्य पुढच्या बटणाच्याही पलीकडे, हेडस्टॉकच्या बाजूला गेला, तर दोन्ही बटणं एकाच बाजूला राहतात. मग जगातला कुठलाही पट्टा ती गिटार आडवी धरू शकणार नाही.

फेंडरच्या १९५१च्या प्रिसिजन बेसला वरचं लांब शिंग, म्हणजे बॉडीचं नेककडे निघालेलं टोक, आलं, आणि तीच कल्पना १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये दिसते. ते शिंग शोभेचं नाही. पुढचं बटण बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास नेऊन ठेवणं हे त्याचं काम आहे. उलट गिब्सनच्या १९६१च्या एसजीचं धड पातळ आणि हलकं, शिंगं आखूड, आणि पुढचं बटण नेक जोडलेल्या जागेपाशी मागच्या बाजूला. दिसायला देखणी गिटार, हाताला वरचे फ्रेट सहज मिळतात, पण नेक झुकल्याची तक्रार या आकारात जास्त ऐकू येते. माझ्याकडे येणारे नव्वद टक्के लोक दुसऱ्या आकाराचंच चित्र घेऊन येतात. या मुलानेही तेच आणलं होतं, आणि मी ते तसंच कापलं होतं.

मोजायचं कसं

यासाठी लागतो एक स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एक मोजपट्टी आणि दोन सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे. ठोकळ्यांची वरची कड त्रिकोणी तासून घ्या, म्हणजे गिटार एका रेषेवरच टेकेल. एक ठोकळा मागच्या बटणाच्या बरोबर खाली. दुसरा वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि तो नटच्या (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाली सरकवा. काट्याच्या उंचीइतकी फळी पहिल्या ठोकळ्याखाली सरकवायला विसरू नका, गिटार आडवी सपाट असली पाहिजे. आता काट्यावरचा आकडा गुणिले दोन टेकूंमधलं अंतर, भागिले गिटारचं एकूण वजन. जे येईल ते मागच्या बटणापासून गुरुत्वमध्याचं अंतर.

या गिटारचं एकूण वजन ३.२ किलो होतं. टेकूंमध्ये ७४ सेंटिमीटर. काट्याने १.४७ किलो दाखवलं. १.४७ गुणिले ७४, भागिले ३.२, म्हणजे ३४ सेंटिमीटर. आणि मागच्या बटणापासून पुढचं बटण होतं ३३ सेंटिमीटरवर. गुरुत्वमध्य बटणाच्या एक सेंटिमीटर पलीकडे. पोरगं तीन तास काय सांभाळत होतं ते त्या एका सेंटिमीटरने मला सांगितलं, आणि मला खरंच वाईट वाटलं.

वजन आलं कुठून ते पाहायला मी गिटार सुटी केली. बॉडी १६५० ग्रॅम, तिचा मध्य मागच्या बटणापासून १९ सेंटिमीटरवर. नेक, फिंगरबोर्ड आणि आतल्या लोखंडी सळईसकट ८५० ग्रॅम, मध्य ५९ सेंटिमीटरवर. सहा ट्यूनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, मिळून २४० ग्रॅम, तेही पार ८२ सेंटिमीटरवर. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) २०० ग्रॅम, ११ सेंटिमीटरवर. पिकअप, पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं), वायरी, स्क्रू मिळून २६० ग्रॅम, साधारण बॉडीच्या मध्यावर. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणून बेरीज करा, एकूण वजनाने भागा, पुन्हा ३४च्या आसपासच आकडा येतो. हिशोब जुळला की मनाला खात्री वाटते की मोजण्यात चूक नाही.

या आकड्यांकडे जरा निवांत पाहा. ट्यूनर एकूण वजनाच्या तेराव्या हिश्शाएवढेच आहेत, पण तोल बिघडवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, कारण ते सगळ्यात लांब टोकाला बसलेत. हेडस्टॉकवरून ८० ग्रॅम कमी केले तर गुरुत्वमध्य सुमारे १.२ सेंटिमीटर मागे येतो. तेवढाच फरक बॉडीच्या शेपटीला वजन लावून आणायचा तर १२८ ग्रॅम शिसं लागेल, आणि तेही वादकाच्या खांद्यावरच येणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि माझी चूक तिथेच झाली होती. गिटार हलकी हवी म्हणून मी बॉडी आतून पोकळ केली होती, साधारण ३०० ग्रॅम लाकूड काढलं होतं. बॉडीतून ३०० ग्रॅम गेले की गुरुत्वमध्य जवळपास दीड सेंटिमीटर हेडस्टॉककडे सरकतो. मी गिटार हलकी केली, आणि हाताला ती जड झाली. हलकी गिटार हवी असेल तर आधी नेक आणि हेडस्टॉक हलके करा. बॉडीला रंधा शेवटी लावा.

सावरायचं कसं

सगळ्यात आधी पट्टा. आतून खरखरीत, म्हणजे स्वेडसारख्या चामड्याचा, दोन-अडीच इंच रुंद. गुरुत्वमध्य बटणाच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे असेल तर एवढ्याने भागतं. या गिटारला नुसत्या पट्ट्याने भागणार नव्हतं. मग मी तीन कामं केली.

पहिलं ट्यूनर. आधीचे बंद खोक्याचे, ओतीव धातूचे होते, संच २४० ग्रॅमचा. त्यांच्या जागी क्लूसन पद्धतीचे पातळ पत्र्याच्या आवरणाचे, प्लॅस्टिकच्या मुठीचे लावले, संच १६० ग्रॅम. इथे एक अडचण येते. बंद ट्यूनरसाठी हेडस्टॉकला १० मिलिमीटरची भोकं असतात आणि जुन्या पद्धतीच्या ट्यूनरची दांडी बारीक असते. त्यासाठी वेगळ्या बुशी मिळतात, त्या १० मिलिमीटरच्या भोकात घट्ट बसतात. त्या हातोडीने ठोकू नका. हेडस्टॉकच्या मागे लाकडाचा तुकडा धरून शिकंज्यात हळूहळू दाबा, नाहीतर भोकाच्या कडेला लाकूड रेषेत फाटतं. मागच्या जुन्या स्क्रूच्या भोकांत बांबूची काडी फेविकॉल लावून बसवली आणि दुसऱ्या दिवशी पटाशीने सपाट केली. गुरुत्वमध्य ३४ वरून ३२.८ वर आला.

दुसरं पुढचं बटण. ते नेकच्या बुंध्यावरून काढून वरच्या शिंगाच्या टोकावर नेलं. टोक ३६ सेंटिमीटरवर होतं. तिथे शिसवीचा दोन सेंटिमीटर लांबीचा गोल तुकडा खराद करून बसवला आणि त्याच्यावर बटण, म्हणजे ३८. शिंग त्या जागी बारीक असतं, म्हणून स्क्रू लांब घ्यायचा, आधी बारीक ड्रिलने भोक पाडायचं आणि स्क्रूच्या आट्यांना मेण चोळायचं. सुक्या सागवानात कोरडा स्क्रू पिळला की शिंगाला चीर जाते, ती नंतर भरली तरी दिसते.

तिसरं मागचं बटण. ते शेपटीच्या मधोमध असतं, ते चार सेंटिमीटर वर, खांद्याच्या बाजूला सरकवलं. दोन्ही बटणं गुरुत्वमध्याच्या वर आली की गिटार लोलकासारखी खाली लटकते आणि आपोआप स्थिर होते. या बदलाला खर्च जवळजवळ नाही, तरी फार कमी लोक करून पाहतात.

आता गुरुत्वमध्य पुढच्या बटणाच्या पाच सेंटिमीटरांहून जरा जास्त मागे आला. नवीन गिटार काढताना मी गुरुत्वमध्य पुढच्या बटणाच्या निदान सहा सेंटिमीटर मागे ठेवते. इथे सहा मिळाले नाहीत, पण चामड्याच्या पट्ट्यासह पुरले. शेपटीला वजन लावावं लागलं नाही. ते मी अगदी शेवटचा उपाय म्हणूनच करते, मागच्या झाकणाखालच्या खोबणीत शिशाची पट्टी, आणि तीही वादकाला विचारून.

हेडस्टॉकचं लाकूड तासायला बरेच जण धावतात. सोळा मिलिमीटरचा हेडस्टॉक चौदा केला तर जेमतेम वीस ग्रॅम जातात. नवीन बनवताना जरूर करा. बनलेल्या, पॉलिश झालेल्या गिटारवर त्यासाठी कानस चालवू नका.

नवी गिटार काढत असाल तर

पुठ्ठ्यापासून सुरुवात करा. बॉडीचा आकार जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापाने काढा आणि कापा. कडेजवळ एका जागी टाचणीने भिंतीवर अडकवा, मोकळं झुलू द्या, त्याच टाचणीवरून ओळंबा सोडा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नटबोल्टचा नट बांधला तरी चालतो. दोऱ्याच्या रेषेवर पेन्सिल ओढा. मग दुसऱ्या जागी टाचणी लावून पुन्हा तेच. दोन रेषा जिथे छेदतात तो बॉडीचा मध्य. आकाराचं क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून काढता येतं. क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले लाकडाची घनता, की बॉडीचं वजन मिळालं. नेक आणि ट्यूनरचे आकडे वर दिले तसे धरा आणि बेरीज करा. एक संध्याकाळ जाते. बॉडी कापल्यावर शिंग लांब करता येत नाही, म्हणून ही संध्याकाळ घालवा. आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर सहा मिलिमीटरच्या प्लायचा सांगाडा कापून त्याला खऱ्या जागी खऱ्या वजनाच्या वाळूच्या पुरचुंड्या बांधा आणि पट्टा लावून गळ्यात घाला. शिंग दोन सेंटिमीटर लांब हवं होतं हे तिथेच खांद्याला कळतं.

लाकूड घ्यायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जाताना मी वजनकाटा बरोबर नेते. आधी दुकानदार बघत राहायचे, आता ओळखतात. पुस्तकात साग घनसेंटिमीटरला ०.६५ ग्रॅमच्या आसपास, शिवण ०.५ च्या आत-बाहेर, शिसव ०.८५ च्या जवळ असं मिळेल, पण एकाच जातीच्या दोन फळ्यांत बराच फरक असतो. झाड कुठे वाढलं, फळी किती सुकली, यावर सगळं असतं. रंधलेल्या तुकड्याची लांबी-रुंदी-जाडी मोजायची, वजन करायचं, भागायचं. शिवणीच्या हलक्या बॉडीला शिसवीची अख्खी नेक जोडायचा मोह इथे फार जणांना होतो, कारण दोन्ही लाकडं आपल्याकडे सहज मिळतात आणि दिसायला सुंदर असतात. ही जोडी तोलासाठी उलटी आहे. शिसव फिंगरबोर्डला ठेवा, नेकसाठी हलकी, सरळ रेषांची, चांगली मुरलेली फळी घ्या आणि जड लाकूड वापरायचंच असेल तर ते बॉडीत जाऊ द्या.

बेस गिटारला हे सगळं दुप्पट जाणवतं. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ८६४ मिलिमीटर, म्हणजे हेडस्टॉक आणखी लांब, आणि एकेक ट्यूनर गिटारच्या दोन ट्यूनरएवढा जड. तिथे हलके ट्यूनर ही चैन नव्हे, आवश्यक गोष्ट आहे. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८०च्या सुमारास हेडस्टॉकच काढून टाकून ट्यूनर ब्रिजच्या बाजूला नेले, त्यामागे तोलाचा हा विचार मोठा होता. तसा बेस मी अजून बनवलेला नाही, पण त्याचं मागचं ट्यूनर-ब्रिज मिळालं तर पहिला नमुना मी त्याच धर्तीवर काढणार आहे.

बसून वाजवणाऱ्यांसाठी बटणं निरुपयोगी. तिथे टेकू म्हणजे मांडी, आणि बॉडीच्या कंबरेचा खोलगट भाग मांडीवर कुठे येतो ते महत्त्वाचं. ती कंबर गुरुत्वमध्याच्या जवळ असावी. पुठ्ठ्याच्या आकृतीवर गुरुत्वमध्याचं टिंब काढलेलं असेल तर कंबर सरकवायला एक मिनिट लागतं. सतार वाजवणाऱ्याला हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला दिसतो. भोपळा डाव्या पावलावर टेकतो आणि उजव्या हाताचा कोपराखालचा भाग त्याला दाबून धरतो, तोल सगळा बैठकीत. मिरजेच्या एका कारागिराकडे भोपळ्यावर दांडी चढवताना मी पाहिलं होतं. तो माणूस जोडण्याआधी दांडी दोन बोटांवर तोलून बघत होता, कुठे टेकते ते पाहून पुन्हा रंधा मारत होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक नेक जोडण्याआधी बोटावर तोलते.

अकूस्टिक गिटारची तक्रार निराळी असते. तिची नेक कमी झुकते, पण बुंध्याच्या मागे बटण लावलं की गिटार तोंडावर पुढे कलंडते. बटण बुंध्याच्या बाजूला, बारीक तारांच्या अंगाला लावलं की बहुतेक वेळा थांबते. भोक पाडण्याआधी बुंधा आत पोकळ किंवा जोडाचा नाही ना, ते तपासा.

त्या मुलाने गिटार नेताना पुन्हा खडूची रेघ मारायला लावली. शेडमध्येच उभं राहून चाळीस मिनिटं वाजवलं, शेवटी हात सोडले. नेक बोटभर खाली आली आणि थांबली. रेघ खांद्यावरच होती.

आता मी प्रत्येक गिटारच्या मागच्या झाकणाखाली, पॉट बसतात त्या खोबणीत, पेन्सिलीने तीन आकडे लिहून ठेवते: एकूण वजन, गुरुत्वमध्य, पुढचं बटण. कुणी पुढे ट्यूनर बदलले किंवा जड ब्रिज लावला, तर कुठून सुरुवात करायची ते त्याला झाकणाचे चार स्क्रू काढल्यावर कळेल.